दोन डॉलरची फट

न्यूझीलंडच्या दोन डॉलरच्या नाण्यावर एका बाजूला कोटुकू आहे, म्हणजे पांढरा बगळा. दिसायला अत्यंत निरुपद्रवी. पण या बगळ्याकडे सरकारने एक जादा काम सोपवलं आहे. भाड्याच्या घरात दाराच्या किंवा खिडकीच्या फटीत हे नाणं उभं सरकवून बघायचं. आत गेलं तर फट बुजवणं मालकाचं काम. अडलं तर शाल घेणं भाडेकरूचं.

ही माझी कल्पना नाही. भाड्याच्या घरांसाठीच्या अधिकृत मार्गदर्शनातच ही खूण दिली आहे. नाण्याची जाडी पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे वारा त्याहून बारीक असेल तर तो कायदेशीर. कुणी याला हसेल, मी हसत नाही. नुसतं 'घरात फटी नसाव्यात' असं लिहिलं असतं, तर फट कशाला म्हणावं यावर वकिलांची दोन पिढ्यांची सोय झाली असती. घरमालक या प्राण्याला 'वाजवी' हा शब्द दिला की तो त्यात झोपाळा बांधतो. त्याला नाणंच दाखवावं लागतं. तेवढी एकच भाषा त्याला पहिल्या फटक्यात कळते.

तर विषय आहे भाड्याच्या घरातल्या उबेचा. छपरात काय घालायचं, जमिनीखाली काय घालायचं, किती जाड घालायचं आणि नाही घातलं तर काय होतं. ऑकलंडमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाचं यावर ठाम मत असतं. भाड्याने राहत असेपर्यंत एक आणि स्वतःचं दुसरं घर भाड्याने दिल्यावर दुसरं. त्याकडे येतोच.

आधी थंडीबद्दल. ऑकलंडात बर्फ पडत नाही, आणि सगळं घोडं तिथेच पेंड खातं. नवा आलेला नाशिककर जुलैमध्ये, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, फोनवर नऊ अंश बघतो आणि हसतो. एवढ्यात तर आमच्या निफाडला लोक मफलर काढतात, म्हणतो. पंधरा दिवसांनी तोच माणूस घरात टोपी, पायात दोन मोजे आणि अंगावर बाहेरचं जाकीट घालून लॅपटॉपपुढे बसलेला असतो. निफाडला दहा वाजता ऊन येतं आणि माणूस ओट्यावर जाऊन बसतो. इथे जुलैत आठ-आठ दिवस पाऊस, आणि घर लाकडाचं. खांबांवर उभं, जमिनीपासून हात-दोन हात वर, त्या पोकळीतून वारा मोकळा फिरतो. वर पत्र्याचं छप्पर, भिंतीला लाकडी फळ्या, खिडकीला एकेरी काच. सकाळी काचेच्या आतल्या बाजूने पाणी ओघळत असतं आणि चौकटीत त्याचं छोटं तळं साचलेलं असतं. बाहेरच्यापेक्षा घरात जास्त गार वाटतं म्हणून लोक उबेला अंगणात येतात. पाहुण्याला हे सांगितलं तर त्याला वाटतं आपण थापा मारतोय.

या देशात नव्या घरांना इन्सुलेशन सक्तीचं झालं १९७८ मध्ये. त्याआधीच्या घरांच्या छपरात काय असावं, हे बांधणाऱ्याच्या दयेवर होतं, आणि बांधणारे बहुधा उन्हाळ्यात बांधत असावेत. त्यांतली फार जुनी घरं सुंदर आहेत यात वाद नाही. उंच छत, नक्षीदार लाकूड, रंगीत काचा. जाहिरातीत त्यांना 'कॅरेक्टर होम' म्हणतात. भाड्याच्या जाहिरातीत कॅरेक्टर हा शब्द दिसला की ब्लँकेटं मोजून घ्यावीत.

आणि हे सगळं कुठे? जिथे माणसं पन्नास लाखांवर आणि मेंढ्या त्याच्या चौपटीहून जास्त आहेत तिथे. मध्यंतरी जाड्याभरड्या लोकरीचे भाव इतके पडले होते की मेंढी भादरायचा खर्चही निघेना. शेतकरी म्हणे लोकर कुणी घेत नाही, शहरातला भाडेकरू म्हणे घर गरम होत नाही, आणि दोघांच्या मध्ये घरमालक बसलेला, ज्याला दोन्ही प्रश्न आपले वाटत नव्हते. अजूनही छपरात बहुतेक ठिकाणी काचेची लोकर नाहीतर पॉलिएस्टर जातं. मेंढ्या डोंगरावर आपापलं इन्सुलेशन अंगावर घेऊन हिंडतात. त्यांना भाडं नाही.

कायदा का आला ते एका परिच्छेदात सांगतो आणि या परिच्छेदात विनोद नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये दक्षिण ऑकलंडच्या ओटारा भागात दोन वर्षांची एक मुलगी वारली. न्यूमोनियासारखं दुखणं होतं. पुढच्या वर्षी कॉरोनरने नोंदवलं की ती राहत होती त्या घरातली थंडी आणि ओल हेही या मृत्यूला हातभार लावणारं कारण असू शकतं. घर सरकारी होतं.

सरकारी, हे लक्षात ठेवा. कारण या देशातला सगळ्यात मोठा घरमालक सरकारच आहे. 'काइंगा ओरा' या संस्थेकडे सत्तर हजारांहून जास्त घरं आहेत. म्हणजे नियम करणारा, नियम पाळणारा आणि नियम पाळायला मुदतवाढ देणारा एकच. २०१६ मध्ये भाडेकरू कायदा बदलला: छपरात आणि जमिनीखाली इन्सुलेशन हवं, मुदत १ जुलै २०१९. मग २०१७ मध्ये निरोगी घरांच्या हमीचा वेगळा कायदा आला, २०१९ मध्ये त्याचे निकष ठरले. उष्णता, इन्सुलेशन, वायुवीजन, ओल-निचरा आणि फटी अशी पाच कलमं. खासगी मालकांना १ जुलै २०२१ पासून नव्या भाडेकराराला ९० दिवसांत पूर्तता करायची होती. त्या ९० चे पुढे १२० झाले. सगळ्या खासगी घरांची शेवटची तारीख होती १ जुलै २०२४. ती झाली २०२५. सरकारी घरांची होती २०२३. ती झाली २०२४. हिशोब करा. २०१४ ला मुलगी गेली आणि शेवटच्या घराला शेवटची तारीख लागली अकरा हिवाळ्यांनंतर. तेवढ्यात ती मुलगी हायस्कूलच्या उंबऱ्याशी आली असती.

एवढ्या वर्षांनी हाती काय आलं, तेही बघू. छपरात आर-मूल्य किमान २.९, दक्षिण बेटावर आणि उत्तर बेटाच्या मधल्या थंड पठारावर ३.३. जमिनीखाली १.३. आर-मूल्य म्हणजे उष्णता अडवायची ताकद, आकडा मोठा तितकी ऊब जास्त. जुनं इन्सुलेशन असेल तर ते किमान १२० मिलिमीटर जाड आणि बऱ्या अवस्थेत असलं की भागतं. शेजारी कॅनबेराने मात्र भाड्याच्या घरांसाठी ठरवलं की छपरात काही नसेल किंवा फारच पातळ असेल, तर घालताना थेट ५ चं घाला. क्रिकेट आणि रग्बीत ऑस्ट्रेलियाशी हाडवैर आहे, पण या स्पर्धेत आम्ही आधीच माघार घेतलेली आहे.

आता १२० मिलिमीटर मोजतात कसे ते बघा. छताला एक चौकोनी झाकण असतं, त्याला इथे मॅनहोल म्हणतात. शिडी लावायची, झाकण डोक्याने वर सारायचं, टॉर्च तोंडात धरायचा आणि पट्टी खुपसायची. झाकणाच्या आसपास गुलाबी थर टुमटुमीत असतो, कारण घालणाऱ्यालाही तिथवरच सरळ हात पुरतो. पट्टीचा फोटो काढला, १२५ मिलिमीटर, झालं काम. टॉर्च जरा लांब फिरवला तर दुसरं चित्र दिसतं. मधे कधीतरी वायरमन आला होता, त्याने थर उचलून बाजूला टाकला आणि वायर ओढून झाल्यावर परत घातलाच नाही. पाण्याच्या जुन्या डागाखाली तो जुन्या वसतिगृहातल्या गादीसारखा बसून गेलाय. छप्पर जिथे उतरतं त्या कोपऱ्यांत काहीच नाही, नुसती छताची फळी. तिथे एका उंदराने मात्र स्वतःपुरतं निकषापेक्षा उत्तम इन्सुलेशन करून घेतलंय. मधल्या थरातून उचलून नेऊन. कायद्याच्या दृष्टीने त्या घरात खरा पूर्तता झालेला रहिवासी तोच.

जमिनीखालचं काम त्याहून वाईट. त्या हातभर पोकळीत पोटावर सरपटत जायचं. कोळ्याची जाळी, ओली माती, कुणाचा तरी १९८० सालचा बूट. ती पोकळी बंदिस्त असेल तर मातीवर प्लॅस्टिकचा कागद अंथरायचा, म्हणजे ओल वर येत नाही. पूर्वी जमिनीखाली चंदेरी फॉइल मारायची पद्धत होती. धातूचा कागद, धातूची पिन आणि वर विजेची वायर. या त्रिवेणी संगमावर माणसं मेली, तेव्हा २०१६ पासून फॉइल लावायलाच काय, दुरुस्त करायलाही बंदी आली. हे काम करणाऱ्या पोरांना मी मानतो. या सगळ्या व्यवस्थेत घराच्या पोटात खरोखर शिरणारे तेवढेच.

आणि भिंती?

भिंतींबद्दल निकषात अक्षर नाही. दुहेरी काचेबद्दल नाही. छप्पर आणि जमीन, बस. कारण सरळ आहे. छपरात वरून हात घालता येतो, जमिनीखाली खालून. भिंतीत घालायचं तर ती उघडावी लागते, आणि भिंत उघडली की पैसे दिसायला लागतात. मग तुम्ही घर वरून झाकलं, खालून झाकलं आणि चारी बाजूंनी मोकळं सोडलं. काही घरांना तेवढंही करावं लागत नाही. छपराची रचनाच अशी की तोडफोड केल्याशिवाय आत शिरता येत नाही, तर सूट. वर दुसऱ्याचा फ्लॅट असेल तर छताला सूट. बारा महिन्यांत पाडून बांधणार असाल आणि तशी परवानगी मागितल्याचे कागद असतील, तरी सूट. हा शेवटचा नियम वाचून मला दर वेळी त्या घरातल्या भाडेकरूची काळजी वाटते. डोक्यावरचं छप्पर वर्षभरात जाणार आहे, तोपर्यंत ते गारच असलेलं बरं, असा काहीसा विचार असावा.

उष्णतेचं कलम तर मला फार आवडतं. मुख्य बैठकीची खोली १८ अंशांपर्यंत गरम करू शकेल असा एक कायमचा बसवलेला हीटर मालकाने द्यायचा. १८ हा आकडा जागतिक आरोग्य संघटनेचा. मागितलेली ताकद २.४ किलोवॉटच्या वर गेली की साधा विजेचा हीटर चालत नाही, बहुतेक घरांत हीट पंप येतो. उत्तम. पण कलम नीट वाचा. एक खोली. झोपायच्या खोल्या यात नाहीत. आणि हीटर '१८ पर्यंत नेऊ शकेल' असा हवा. नेईल की नाही हे बिल भरणाऱ्यावर. हीटर मालकाचा, वीज भाडेकरूची. तेव्हा जुलैत इथल्या आपल्या लोकांच्या कित्येक घरांत रात्री हॉलमध्ये ओळीने गाद्या पडतात. आजी, दोन पोरं, आईबाप सगळे एका रांगेत, हीट पंप १८ वर, आणि तीन बेडरूमचं भाडं भरून तिन्ही बेडरूम रिकाम्या. तिथे फक्त बुरशी झोपते.

एवढं करून फरक तरी पडतो का? पडतो, आणि इथेच हा सगळा विषय चेष्टेच्या पलीकडे जातो. वेलिंग्टनच्या प्राध्यापिका फिलिपा हाऊडन-चॅपमन यांच्या गटाने १,३५० घरांवर केलेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सात वस्त्या, कमी उत्पन्नाची घरं, प्रत्येक घरात कुणीतरी श्वासाच्या दुखण्याचं. निम्म्या घरांना इन्सुलेशन आधी, निम्म्यांना नंतर, म्हणजे तुलना चोख. निकाल असा की बेडरूमचं तापमान सरासरी वाढलं फक्त अर्धा अंश. अर्धा! घरमालकाच्या कानावर हे घातलं तर तो म्हणेल, बघा, मी सांगत नव्हतो? पण त्या अर्ध्या अंशात ओल कमी झाली, वीज इतर घरांच्या तुलनेत ८१ टक्के लागली, छातीतली घरघर कमी झाली आणि मुलांची शाळेला दांडी मारण्याची शक्यता जवळजवळ निम्म्यावर आली. माणसाला सुखासाठी फार काही लागत नाही, फक्त ते कुणीतरी दुसऱ्याने छपरावर चढून द्यावं लागतं.

तेच घडत नाही, कारण खर्च एकाचा आणि ऊब दुसऱ्याची. अर्थशास्त्रज्ञ यावर जाड ग्रंथ लिहितात, पण गणित चाळीतल्या पोरालाही सुटेल. छपरात तीन हजार घालायचे मालकाने, आणि वाचलेलं वीजबिल खिशात घालायचं भाडेकरूने? मालकाच्या छातीत तर घरघर नाही. तो त्या घरात झोपतच नाही. यात दुष्टपणा शोधू नये. माझ्या ओळखीचे बरेच घरमालक देवभोळे, शाकाहारी आणि आईवडिलांचे पाय धरणारे आहेत. फक्त त्यांना त्या विशिष्ट पत्त्यावरची थंडी वाजत नाही.

मग अंमलबजावणी कोण करणार? सरकारी तपासणी पथकं आहेत, पण घरोघरी शिडी घेऊन फिरत नाहीत. गाडी हलते ती तक्रारीने. म्हणजे या कायद्याचा खरा निरीक्षक आहे भाडेकरू. ज्याला थंडी वाजते, ज्याचं पोर खोकतंय, ज्याची अनामत अडकलीय आणि ज्याला पुढचं घर मिळायला याच मालकाचं शिफारसपत्र लागणार आहे, त्याने उठून नाणं फटीत घालायचं. मग चौदा दिवसांची लेखी नोटीस द्यायची. मग भाडे न्यायाधिकरणात अर्ज करायचा. तिथे जिंकला तर मालकाला ७,२०० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. ऐकायला गोड आहे. पण निवाडे नावानिशी इंटरनेटवर येतात. जिंकलेल्याला नाव झाकून मागता येतं, म्हणजे आधी जिंका, मग लपा. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायचं काम उंदरांवर सोपवलं, आणि घंटेसोबत उंदराचा पत्ताही छापून दिला.

याहून नामी गोष्ट तारखांची आहे. २०२१ च्या फेब्रुवारीत असा बदल झाला की बेमुदत भाडेकराराच्या भाडेकरूला कारण न देता बाहेर काढता येणार नाही. भाडेकरूंनी जरा मान वर केली. ३० जानेवारी २०२५ पासून जुनी तरतूद परत आली: नव्वद दिवसांची नोटीस, कारण सांगायची गरज नाही. आणि निरोगी घरांच्या निकषांची अखेरची तारीख कोणती होती? १ जुलै २०२५. मध्ये पाच महिने. तक्रारीचा सूड म्हणून नोटीस दिली तर ती बेकायदा आहे, हे खरंच. पण ज्या नोटिशीत कारणच लिहायचं नाही, तिच्यातला सूड भाडेकरूने कुठल्या भिंगाखाली दाखवायचा? निरीक्षकाची नेमणूक पक्की करायची आणि त्याच हंगामात त्याला बडतर्फ करायचा हक्क आरोपीला द्यायचा, ही राज्यकारभाराची करामत मी दुसरीकडे पाहिलेली नाही. दुसरीकडेही चोख काही नाही म्हणा. इंग्लंडने २०२० पासून सगळ्या भाड्याच्या घरांना ऊर्जेच्या दाखल्यात किमान 'ई' श्रेणी लागेल म्हटलं, आणि लगेच म्हटलं की ३,५०० पौंडांवर खर्च होत असेल तर राहू दे. फ्रान्सने जरा हिंमत केली: २०२५ पासून सगळ्यात खालच्या 'जी' श्रेणीतलं घर नव्याने भाड्याने द्यायचंच नाही. तिथले मालक ओरडताहेत. ओरडणारच. ऊब आली.

आता आपली माणसं.

आपला माणूस इथे येतो, पहिले तीन-चार हिवाळे भाड्याने काढतो. गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद घेता घेता मालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. काय हा देश, पोराला ॲन्टिबायोटिकशिवाय महिना जात नाही, मालक म्हणतो टॉवेलने खिडकी पुसा. सगळे माना डोलावतात. मग त्याचं स्वतःचं घर होतं. त्यात तो डबल ग्लास, सगळ्या बेडरूमला हीट पंप, भिंतीतसुद्धा इन्सुलेशन असं सगळं करून घेतो, कारण पोराचा खोकला त्याने पाहिलेला आहे. मग बँक म्हणते अजून एक घेता येईल. दुसरं घेतो. जुनं, कॅरेक्टरवालं. तिथे एक तरुण जोडपं भाड्याने येतं, आपलंच, नाशिककडचं. आणि मग फोनवरचा हा संवाद, जो मी एका घरी चहा पिता पिता एका बाजूने ऐकला आणि दुसरी बाजू त्या मुलीकडून नंतर कळली.

"काका, बेडरूमच्या कोपऱ्यात बुरशी आलीय. कपाटातल्या साड्यांना पण लागली."

"अगं बाळा, खिडक्या उघडता का रोज?"

"उघडते ना. पण बाहेर सहा अंश असतात, काका."

"दहा मिनिटं उघडायच्या. घराने श्वास घ्यायला हवा. आणि कुकर लावताना एक्झॉस्ट लावता का? आपल्या स्वयंपाकात वाफ फार. या लोकांची घरं फोडणीसाठी बांधलेली नाहीत."

"एक्झॉस्ट लावते, पण तो नुसता आवाज करतो. हवा ओढत नाही."

"तो २०१९ च्या आधीचा आहे. चालू स्थितीत असला की चालतो. आवाज येतो म्हणजे चालू आहे."

काकांचं नियमपुस्तक तोंडपाठ होतं. भाडेकरू असताना त्यांना नाण्याची युक्तीही माहीत नव्हती. मालक झाल्यावर त्यांनी पाचही कलमं प्रिंट काढून पिवळ्या शाईने रंगवून ठेवली होती. भाडेकरूच्या हक्कांचा इतका सखोल अभ्यास मी कुठल्याही भाडेकरूकडे पाहिलेला नाही.

बुरशी म्हणजे भाडेकरूच्या वागण्याचा दोष, हा इथल्या घरमालकांचा धर्मच आहे. खिडकी उघडली नाही, कपडे घरात वाळवले, अंघोळ जास्त वेळ केली, डाळ शिजवली. माणूस श्वास घेतो त्यातूनही वाफ येते, तेव्हा शक्यतो तोही बाहेर घ्यावा. गोरा मालक हे सगळं गोऱ्या भाडेकरूला सांगतो तेव्हा त्यात डाळ नसते, एवढाच फरक. काकांना तर एके काळी त्यांच्या मालकाने हेच शब्द ऐकवले होते, आणि तेव्हा त्यांनी त्याला वर्णद्वेष म्हटलं होतं. आता तोच वर्णद्वेष त्यांनी शुद्ध मराठीत आणला.

मी काकांना विचारलं, छपरात काही घातलंय का? म्हणाले, पूर्ण कायदेशीर, १२० आहे, फोटो आहे. भाडेकराराला पूर्ततेचं निवेदन जोडलंय, सही आहे. हीट पंप दिलाय हॉलमध्ये, चांगल्या कंपनीचा. पुढच्या महिन्यात वर्ष भरतंय, तेव्हा आठवड्याला वीस डॉलर वाढवणार. खर्च झालाय ना. भाडं वर्षातून एकदाच वाढवता येतं ही तारीखही त्यांच्या कॅलेंडरवर गोल केलेली होती, संकष्टीच्या शेजारी.

"आणि भिंतींत?" मी म्हटलं. "तुमच्या या घरात तर तुम्ही भिंतींतसुद्धा घातलंय."

काकूंनी चहाचे कप उचलता उचलता काकांकडे बघितलं. काका हीट पंपाचा रिमोट घेऊन तापमान एकाने वाढवत म्हणाले, "अहो, इथे आम्ही राहतो."